अर्जदाराची प्रतीक्षा

कचेरींतील टेबलावर ज्याचा एखादा महत्त्वाचा कागद पडून आहे, त्याला वाट पाहणें म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. शेतकरी पावसाची वाट पाहतो, घरची मंडळी परगांवच्या पत्राची वाट पाहतात. पण पाऊस लांबला म्हणून शेतकऱ्याच्या लायकीचा निवाडा होत नाहीं, आणि टपाल चुकलें म्हणून आईबापांच्या मायेवर कोणी शेरा मारीत नाहीं. अर्जदाराची गोष्ट निराळी आहे. उत्तराला लागणारा प्रत्येक दिवस त्याच्या मनांत एकच शंका पेरीत असतो : आपल्यांत कांहीं उणें तर निघालें नाहीं ना?

त्यांतहि नागरिकत्वाचा अर्ज सर्वांत नाजूक. परवान्याचा अर्ज करणारा एखादी सवलत मागतो, नोकरीचा अर्ज करणारा काम मागतो. नागरिकत्वाचा अर्जदार मात्र एका संबंध राष्ट्राला 'मला तुमच्यांतला म्हणा' अशी विनंती करीत असतो. जन्मानें मिळालेलें नागरिकत्व अंगच्या कातडीसारखें असतें. तें आहे याची एरवीं जाणीवहि होत नाहीं. अर्ज करून मिळवावयाचें नागरिकत्व तपासून, मोजून आणि साक्षी काढून दिलें जातें. या तपासणीचा, आणि ती चालू असतां माणसाला धराव्या लागणाऱ्या धीराचा इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार ठळकपणें पाहावयास मिळतो. आणि त्या इतिहासाचीं कांहीं महत्त्वाचीं पानें हिंदी माणसांच्या अर्जांनींच भरलेलीं आहेत.

परकीयांना नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा अमेरिकेनें १७९० सालीं केला. दोन वर्षांचें वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि राज्यघटनेशीं निष्ठेची शपथ एवढ्याच त्याच्या मागण्या होत्या. पण या सर्वांच्या आधीं एक उंबरठा होता. अर्जदार स्वतंत्र आणि गोरा असला पाहिजे, अशी ती अट होती. पुढें वास्तव्याची मुदत पांच वर्षांवर स्थिरावली. यादवी युद्धानंतर, १८७० सालीं, आफ्रिकन वंशाच्या लोकांना हें दार उघडलें. चिनी लोकांना १८८२ च्या कायद्यानें स्पष्ट शब्दांत वगळलें. राहिलेला आशियाई मनुष्य गोऱ्यांच्या रकान्यांत बसतो कीं नाहीं, हें मात्र कायद्यानें कोठेंच सांगितलें नव्हतें. तें ठरविण्याचें काम ज्या त्या न्यायाधीशावर पडलें.

१९०६ सालीं अर्जाच्या पद्धतीला देशभर एकच वळण लावण्यांत आलें. प्रथम अर्जदारानें नागरिक होण्याचा आपला इरादा लेखी जाहीर करावयाचा. यालाच लोक 'पहिला कागद' म्हणत. त्यानंतर निदान दोन वर्षें लोटल्यावर आणि देशांत सलग पांच वर्षें राहिल्यावर मुख्य अर्ज करावयाचा. त्याच्या वर्तणुकीबद्दल शपथेवर सांगणारे दोन साक्षीदार हवेत, आणि ते स्वतः नागरिक हवेत. अर्ज दाखल झाला कीं कोर्टाचा कारकून अर्जदाराचें नांव सर्वांना दिसेल अशा जागीं लावी, आणि त्यानंतर नव्वद दिवस सुनावणी होत नसे. कोणाला हरकत घ्यावयाची असेल तर त्यानें या अवधींत घ्यावी, हा हेतु. अर्जाचा माग काढावयाचा म्हणजे कामाची मजुरी बुडवून कोर्टांत जावें, फलकावरचें आपलें नांव वाचावें आणि कारकुनाला तारीख विचारावी, असा तो काळ होता. तरीहि या पद्धतींत एक दिलासा होता. किती दिवस थांबावयाचें हें अर्जदाराला ठाऊक असे.

दिवस ठाऊक होते. नियम काय आहे हें मात्र ठाऊक नव्हतें. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या कोर्टानें नागरिकत्व दिलें, आणि सरकारनें अपील केलें असतां १९१० सालीं वरिष्ठ कोर्टानें तो निर्णय कायम केला. १९१३ सालीं वॉशिंग्टन राज्यांत अक्षयकुमार मजुमदार नागरिक झाले. १९१४ सालीं लॉस एंजेलिस येथें सखाराम गणेश पंडित नागरिक झाले आणि पुढें कॅलिफोर्नियांत वकिली करूं लागले. याच कायद्याच्या आधारें दुसऱ्या न्यायाधीशानें हिंदी अर्जदाराला परत पाठवावें, असाहि प्रकार होता. एकाच देशांत, एकाच कायद्याखालीं, कोणत्या शहरीं अर्ज केला यावर माणसाचें भवितव्य ठरत होतें.

या अनिश्चितीची पूर्ण किंमत ज्या एका अर्जदारानें मोजली, त्याचें नांव भगतसिंग थिंड. हा पंजाबांतील शीख तरुण १९१३ सालीं अमेरिकेंत आला आणि ओरेगॉनच्या लांकडाच्या गिरण्यांत काम करूं लागला. १९१८ सालीं तो अमेरिकेच्या सैन्यांत दाखल झाला. पगडी ठेवून त्यानें नोकरी केली. त्या वर्षीं ९ डिसेंबरला, अंगावर लष्करी गणवेश असतांनाच, त्याला नागरिकत्वाचा दाखला मिळाला. चारच दिवसांनीं, १३ डिसेंबरला, तो रद्द झाला. नागरिकत्व खात्याची हरकत एवढीच होती कीं हा मनुष्य गोरा नाहीं. ज्या सरकारनें त्याला सैनिक म्हणून चालवून घेतलें होतें, त्याच सरकारला तो नागरिक म्हणून चालला नाहीं. त्यानंतर तीनच दिवसांनीं सैन्यांतून त्याची सन्मानपूर्वक मुक्तता झाली.

थिंड यानें पुन्हा अर्ज केला. १९१९ च्या मे महिन्यांत ओरेगॉन राज्यांत हा दुसरा अर्ज दाखल झाला. या वेळीं सरकारी अधिकाऱ्यानें वंशाखेरीज आणखी एक मुद्दा काढला : हा अर्जदार हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आहे. न्यायाधीशानें दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि १९२० सालीं नागरिकत्व मंजूर केलें. सरकारनें अपील केलें. अपील कोर्टानें मूळ प्रश्नच सुप्रीम कोर्टाकडे विचारणेसाठीं पाठविला. अर्जदार पुन्हा वाट पाहूं लागला.

त्याची आशा अवास्तव नव्हती. १९२२ च्या नोव्हेंबरांत सुप्रीम कोर्टानें ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळतांना, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असा अर्थ लाविला होता. ओझावा यांचा अर्ज १९१४ चा. म्हणजे 'नाहीं' हें उत्तर यावयास त्यांना आठ वर्षें लागलीं. पण त्या निकालामुळें हिंदी अर्जदारांना वाटलें कीं आपला मार्ग मोकळा झाला. कारण उत्तर हिंदुस्थानांतील लोकांना त्या काळचे वंशशास्त्रज्ञ कॉकेशियनच समजत. थिंड यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते सखाराम गणेश पंडितच. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं निकाल लागला. न्यायमूर्ति जॉर्ज सदरलँड यांनीं लिहिलेल्या त्या एकमतानें झालेल्या निकालाचा आशय असा होता कीं, शास्त्रज्ञांची व्याख्या येथें उपयोगाची नाहीं. 'गोरा' या शब्दाचा सामान्य माणूस जो अर्थ करतो तोच कायद्याचा अर्थ. तीन महिन्यांपूर्वीं जें माप लावून जपानी माणसाला बाहेर काढलें, तेंच माप हिंदी माणसाला लागूं पडतांच बाजूला ठेवण्यांत आलें. सदरलँड यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडांतला होता. आईबापांबरोबर लहानपणीं अमेरिकेंत आलेल्या त्या बालकाला हा उंबरठा लागलाच नव्हता.

निकाल एका माणसाच्या अर्जावर झाला. परिणाम मात्र त्याच्यापुरता राहिला नाहीं. ज्या हिंदी लोकांना पूर्वींच नागरिकत्व मिळालें होतें, त्यांच्या दाखल्यांकडे सरकारची दृष्टि वळली. मजुमदार यांचें नागरिकत्व गेलें. कित्येकांना नोटिसा निघाल्या. कॅलिफोर्नियांत नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयाला शेतजमिनीची मालकी ठेवतां येत नसे. त्यामुळें कागदाबरोबर जमीनहि हातची जाऊं लागली. सॅन फ्रान्सिस्को येथें दुकान चालविणारे वैष्णोदास बगाई १९१५ सालीं पत्नी व तीन मुलांसह आले होते आणि १९२१ सालीं नागरिक झाले होते. त्यांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. दुकान गेलें, आपल्या माणसांना भेटावयास हिंदुस्थानांत जावें तर अमेरिकेचा पासपोर्टहि मिळेना. १९२८ सालीं त्यांनीं आपल्या हातानें जीवनाचा शेवट केला. मिळालेलें उत्तर परत घेतलें गेलें तर मनुष्य किती एकाकी होतो, याचें यापेक्षां दुःखद उदाहरण सांपडणें कठीण.

सरकारनें पंडितांवरहि दावा लावला. या वेळीं वकील आणि पक्षकार एकच होता. पंडितांनीं वंशाचा वाद पुन्हा उकरला नाहीं. त्यांचें म्हणणें साधें होतें : १९१४ सालीं कोर्टानें आपला अर्ज रीतसर ऐकला, सरकारला हरकत घेण्याची संधि होती, सरकारनें वेळेवर अपील केलें नाहीं, त्या निर्णयावर विसंबून आपण वकिली केली, घर केलें, संसार थाटला, आतां इतक्या वर्षांनीं तो निर्णय उलटविणें न्यायाचें नाहीं. त्यांची पत्नी जन्मानें अमेरिकन होती. पण नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयाच्या पत्नीचें नागरिकत्व त्या वेळच्या कायद्यानें जात असे, म्हणून तिचाहि देश पतीबरोबर जाणार होता. १९२६ सालीं अपील कोर्टानें पंडितांच्या बाजूनें कौल दिला आणि १९२७ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. त्यानंतर अशा दाव्यांचा जोर ओसरला. थिंड यांच्यासाठीं जो वकील हरला, तोच स्वतःसाठीं जिंकला. आणि त्याच्या जिंकण्यानें इतरांचेहि दाखले वांचले.

थिंड यांचें काय झालें? ते देश सोडून गेले नाहींत. अध्यात्म व तत्त्वज्ञान यांवर व्याख्यानें देत ते गांवोगांव फिरले. १९३५ सालीं काँग्रेसनें असा कायदा केला कीं, पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत नोकरी केलेल्या माणसाला वंशाच्या कारणावरून अडवूं नये. १९३६ सालीं थिंड यांनीं तिसऱ्या वेळीं नागरिकत्व मिळविलें, आणि तें टिकलें. पहिला दाखला १९१८ चा. शेवटचा १९३६ चा. मधल्या अठरा वर्षांत माणूस तोच होता, त्याची सैन्यांतील नोकरीहि तीच होती. बदलला तो केवळ नियम.

इतर हिंदी लोकांना आणखी दहा वर्षें थांबावें लागलें. न्यूयॉर्कमधील इंडिया लीगचे सरदार जे. जे. सिंग आदि मंडळींच्या दीर्घ खटपटीनंतर २ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं हिंदी व फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच कायद्यानें हिंदुस्थानांतून वर्षाला शंभर माणसांना येण्याची मुभा मिळाली. १९५२ च्या कायद्यानें नागरिकत्वाच्या बाबतींत वंशाची अट सर्वांसाठींच काढून टाकली. १९२० सालीं विद्यार्थी म्हणून आलेले दलीपसिंग सौंद यांनीं गणिताची डॉक्टरेट मिळविली होती, तरी त्यांनीं पुढें कॅलिफोर्नियांत शेती केली. १९४९ च्या डिसेंबरांत ते नागरिक झाले. पुढच्याच वर्षीं लोकांनीं त्यांना स्थानिक न्यायाधीश म्हणून निवडून दिलें. पण निवडणुकीच्या दिवशीं नागरिकत्वाला वर्ष पुरें झालें नव्हतें, म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाहीं. तेहि त्यांनीं सोसलें. १९५२ सालीं ते पुन्हा निवडून आले, आणि १९५६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेलेले ते पहिले आशियाई वंशाचे सभासद ठरले.

आज अमेरिकेंत नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याच्या वाटेंत वंशाचा उंबरठा नाहीं. पुणें, नाशिक, नागपूर येथील कित्येक घरांतील मुलें-मुली या वाटेनें गेलेलीं आहेत, आणि त्यांच्या अर्जाची प्रतीक्षा इकडच्या घरींहि होत असते. त्या प्रतीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला, कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंतचा. नोकरीच्या आधारें मिळणाऱ्या अशा परवान्यांत कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणें सात टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं. हिंदुस्थानांतून जाणारे फार, म्हणून त्यांची रांग अतिशय लांब. कोणत्या तारखेच्या अर्जापर्यंत पाळी आली तें सांगणारें एक पत्रक दरमहा निघतें. ती तारीख कधीं पुढें सरकते, कधीं थबकते, कधीं मागेंहि जाते. महिन्याचा हा आंकडा पाहून घर घ्यावें कीं न घ्यावें, नोकरी बदलावी कीं न बदलावी, याचे बेत केले आणि मोडले जातात.

दुसरा भाग खुद्द नागरिकत्वाच्या अर्जाचा. परवान्यानंतर पांच वर्षें, आणि अमेरिकन नागरिकाशीं संसार करणाऱ्यास तीन वर्षें, ही मुदत आहे. पांच वर्षांपैकीं निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या देशांत राहिलें पाहिजे. सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिलें तर वास्तव्य तुटलें नाहीं हें अर्जदारालाच पटवून द्यावें लागतें; वर्ष ओलांडलें तर सामान्यतः मोजणीच तुटते. ऐकावयास हा हिशेब कोरडा वाटतो. पण गांवीं आई अंथरुणाला खिळलेली असतां मुलगा तिच्या उशाशीं बसून पासपोर्टावरच्या शिक्क्यांतील दिवस मोजतो, तेव्हां त्या हिशेबाचा खरा भार कळतो.

अर्ज दाखल झाल्यावर पोंच येते. तिच्यावर तीन अक्षरें आणि दहा अंक असा क्रमांक असतो. पूर्वीं जें काम कोर्टाच्या फलकानें केलें, तें आतां हा क्रमांक करतो. हातांतील फोनवर तो घातला कीं अर्ज कोठवर आला तें एका ओळींत दिसतें : अर्ज मिळाला, बोटांचे ठसे घेतले, मुलाखतीची तारीख ठरली, शपथेची तारीख ठरली. सोय मोठी, पण तिनें एक नवी संवयहि लाविली. सकाळीं उठतांच तीच ओळ पाहावी, दुपारीं पुन्हा पाहावी, आणि ती बदलली नाहीं म्हणून दिवस कडू करून घ्यावा. ओळ न बदलण्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो कीं कागदाची पाळी अजून आलेली नाहीं. जाणता अर्जदार पोंच जपून ठेवतो, पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आंत कळवितो, आपल्या प्रवासांची यादी आणि कराचे कागद एकत्र बांधतो, आणि उरलेला वेळ परीक्षेच्या अभ्यासाला देतो. इंग्रजी लिहितां, वाचतां, बोलतां येतें कीं नाहीं हें मुलाखतींत पाहतात. शिवाय इतिहास व राज्यकारभार यांवर प्रश्न विचारतात. २००८ पासून चालत आलेल्या परीक्षेंत शंभर प्रश्नांच्या यादींतून दहापर्यंत विचारीत व सहांचीं उत्तरें बरोबर यावीं लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठीं १२८ प्रश्नांची यादी, विचारणें वीसांपर्यंत व बरोबर बारा, अशी रीत लागू झाली.

या सर्वांत एक कलम अर्जदारानें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मुलाखतीनंतर एकशें वीस दिवसांत निर्णय झाला नाहीं, तर तो जिल्हा कोर्टांत दाद मागूं शकतो. कोर्ट स्वतः निर्णय देऊं शकतें, किंवा खात्याला तो देण्याविषयीं सांगूं शकतें. प्रतीक्षेला कोठेंतरी कांठ आहे आणि तेथें ठोठावण्यासारखें दार आहे, एवढ्या जाणिवेनें माणसाचें मन ताठ राहतें. १९१८ सालीं शिपायाच्या हातून दाखला परत घेतला गेला तेव्हां असा कांठ त्याला कोणी दाखविला नव्हता.

अखेर शपथेचा दिवस येतो. हात वर करून अर्जदार पूर्वींच्या राष्ट्राशीं असलेली निष्ठा सोडल्याचें बोलतो, कायम वास्तव्याचा परवाना परत देतो आणि दाखला घेतो. त्याच क्षणीं दुसरें एक नागरिकत्व संपतें. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें, आपण होऊन दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेणारा मनुष्य भारताचा नागरिक राहत नाहीं. त्यानें आपला पासपोर्ट परत करावयाचा असतो. २००५ पासून अशा लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करून घेण्याची सोय मिळाली. तीमुळें येणें-जाणें व राहणें सुकर होतें. पण मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. या नोंदणीसाठींहि अर्ज करावा लागतो, त्याचाहि क्रमांक असतो, आणि त्याचीहि वाट पाहावी लागते. एका देशानें आपलें म्हटल्याचा आनंद आणि दुसऱ्या देशाच्या मतदारयादींतून नांव गेल्याची हुरहुर, हीं दोन्हीं त्या दिवशीं एकाच घरांत नांदतात. आईबापांना फोन लागतो. तिकडून अभिनंदन येतें, आणि मग क्षणभर कोणीच बोलत नाहीं.

नागरिकत्व देतांना राष्ट्रानें कसून तपासणी करावी, यांत गैर कांहीं नाहीं. तो त्याचा अधिकार आहे, आणि अर्जदारानें धीर धरणें हेंहि रास्त आहे. परंतु ज्या माणसाला राष्ट्र थांबावयास सांगतें, त्याला नियम काय, मुदत किती आणि नकाराचें कारण कोणतें, हें सांगण्याचें ऋण राष्ट्राच्या शिरावर राहतें. पंडितांच्या दाव्यांत कोर्टानें हें ऋण मान्य केलें. थिंड यांच्या बाबतींत तें फिटावयास अठरा वर्षें लागलीं. लांब रांगेंत माणूस उभा राहूं शकतो. आपली पाळी आल्यावर खिडकी बंद होणार नाहीं, एवढा विश्वास मात्र त्याला हवा असतो.